पावसाआधीची विश्वामित्री

नद्यांना बहुधा देवींची किंवा माउलींची नावे असतात. बडोद्यातून वाहणाऱ्या नदीस मात्र एका ऋषीवरून नाव मिळाले आहे, आणि तोही ऋषी असा की ज्याचा कोप पुराणांत प्रसिद्ध आहे. विश्वामित्रांनी पावागडच्या डोंगरावर तप केले अशी त्या मुलखातील कथा. त्याच डोंगरात विश्वामित्रीचा उगम आहे. तेथून ती पश्चिमेकडे येते, वळणे घेत बडोदे शहराच्या मधोमध शिरते, मग दक्षिणेकडे वळून ढाढर नदीस मिळते आणि तिच्यासह खंबायतच्या आखातात जाते. उत्तरेस मही आणि दक्षिणेस नर्मदा अशा दोन थोर नद्यांमध्ये ही सापडलेली. त्यांच्यापुढे हिला ओढाच म्हणावे. परंतु या ओढ्याने बडोद्यास जितक्या वेळा घराबाहेर काढले आहे तितक्या वेळा त्या दोघींनी मिळूनही काढले नसेल.

२०२५ सालच्या एप्रिलअखेरीस, ईस्टरचा सण आटोपल्यावर, आम्ही बडोद्यास गेलो. निमित्त एका आप्ताच्या लग्नाचे होते. अक्षय्यतृतीयेचा मुहूर्त असल्याने शहरात जिकडे तिकडे मांडव होते. लग्नघरातील गर्दीतून चार दिवस मोकळे मिळाले ते आम्ही नदीकाठी घालविले. याचे कारण असे की आमच्या यजमानांच्या घरात दिवाणखान्याच्या भिंतीवर, छातीइतक्या उंचीवर, एक पिवळसर पट्टा आम्हांस दिसला. रंग दोनदा दिला तरी तो वर येतो असे त्यांनी सांगितले. तो पट्टा २०२४ च्या ऑगस्टचा होता.

वसईहून बडोद्यास जाणारा आगगाडीचा मार्ग म्हणजे नद्यांची माळच आहे. वैतरणा ओलांडली की दमणगंगा, मग वलसाडची औरंगा, बिलीमोऱ्याकडील अंबिका, नवसारीची पूर्णा, सुरतेची तापी, भरुचची नर्मदा. एप्रिलात या सर्वजणी आपापल्या वाळूत निजलेल्या असतात. तापीवर आणि नर्मदेवर गाडी बराच वेळ धडधडत राहते, डब्यातील माणसे नाणी टाकतात, हात जोडतात. विश्वामित्रीसाठी मात्र कोणी खिडकीशी जात नाही. तिच्या नावाचे एक लहान स्थानक लागते आणि पाठोपाठ बडोदे येते, इतकेच.

बडोदे हे गुजरातेतील शहर असले तरी मराठी माणसाला तेथे परके वाटत नाही. गायकवाडांच्या राज्यात दोन शतके मराठी कारभारी, शिक्षक, गवई, वैद्य तेथे जाऊन राहिले. दांडिया बाजार, रावपुरा या भागांत अजूनही जिन्यावरून मराठी हाका ऐकू येतात. मात्र त्या मराठीत 'चालेल' ऐवजी 'चालसे' आणि 'ताई' ऐवजी 'बेन' केव्हा आले ते बोलणाऱ्यासही कळत नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे एक्याण्णवावे अधिवेशन येथेच भरले होते. आपल्या वाचकांना आणखी एक नाते ठाऊक असावे: बडोद्याचा धर्मप्रांत १९६६ साली मुंबई महाधर्मप्रांतातूनच वेगळा करण्यात आला.

स्थानकापासून थोडेसे चालले की सयाजीबाग लागते. लोक तिला कमाटीबाग म्हणतात. सयाजीराव महाराजांनी १८७९ साली प्रजेसाठी ही बाग केली. प्राणिसंग्रहालय, वस्तुसंग्रहालय, वडाच्या सावल्या, मुलांची छोटी आगगाडी, आणि या सर्वांच्या मधून वाहणारी विश्वामित्री. बागेजवळच महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. घोड्याच्या रंगावरून त्या चौकास काळाघोडा असे नाव पडले, आणि जवळच्या पुलासही तेच. पुलापाशी पाण्याची उंची मोजण्याच्या खुणा आहेत. पावसाळ्यात साऱ्या शहराचे लक्ष या खुणांवर असते. पाणी पंचवीस फुटांवर गेले की धोका. आम्ही कठड्यावरून वाकून पाहिले तेव्हा खाली काळपट पाण्याची एक चिंचोळी पट्टी होती, तिच्यावर शेवाळ होते, आणि वास असा की नाकाला रुमाल लावावा. शहराचे सांडपाणी तिच्यात येते हे सांगावे लागत नाही. एवढ्या तळाच्या पाण्याने पंचवीस फूट चढावे हे खरे वाटेना. आमच्या शेजारी उभे असलेले एक वृद्ध गृहस्थ, बहुधा रोज तेथे फिरावयास येणारे, आपण होऊन म्हणाले, "आत्ता काय पाहता? ऑगस्टमध्ये हिच्यासमोर उभे राहून दाखवा."

ही नदी इतकी का चढते? आम्ही अनेकांस विचारले आणि प्रत्येकाने एकेक तुकडा सांगितला. ते तुकडे जोडले म्हणजे चित्र असे दिसते. पावागडच्या उतारांवर पाऊस पडला की तो वेगाने खाली येतो. शहराच्या पूर्वेस आजवा येथे मोठे सरोवर आहे. जगन्नाथ सदाशिव हाटे या मराठी अभियंत्याच्या योजनेवरून ते बांधले गेले. १८९२ पासून आजव्याचे पाणी पंपाशिवाय, केवळ जमिनीच्या उतारावर बडोद्यास येऊ लागले; त्या काळी हिंदुस्थानातील थोड्याच शहरांस अशी सोय होती. प्रतापपुरा नावाचे दुसरे सरोवर त्याच अंगाला आहे. आजव्याच्या बांधास ६२ दरवाजे आहेत. पावसाळ्यात सरोवर किती फुटांवर ठेवावयाचे याचे नियम ठरलेले असतात. पण पाऊस नियम पाळीत नाही. सरोवर भरून वाहू लागले की ते पाणी विश्वामित्रीतच यावयाचे. इकडे शहरावर पडलेला पाऊसही तिच्यातच यावयाचा. आणि खाली, जेथे ती ढाढरला मिळते, तेथे ढाढरच तुडुंब असली तर हिला पुढे जाण्यास वाट नाही. दारातून बाहेर पडणारा माणूस दारातच गर्दीने अडावा तसे पाणी मागे मागे साचत शहरात पसरते. सपाट मुलूख, वळणांची नदी, वरून लोट आणि पुढे अडसर. पूर येण्यास आणखी काय हवे?

पूर काही नवे नाहीत. १९२७ च्या जुलैत साऱ्या गुजरातेत हाहाकार झाला तेव्हा बडोदेही पाण्यात होते. वल्लभभाई पटेलांनी त्या वेळी गुजरातेत उभारलेल्या मदतकार्याची कीर्ती देशभर गेली. अलीकडे मात्र खेपा जवळ जवळ येऊ लागल्या आहेत: २००५, २०१४, २०१९, २०२४. २०१९ च्या ३१ जुलै रोजी एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस झाला. त्या वेळचे एक छायाचित्र आपण पाहिले असेल. विश्वामित्री स्थानकाजवळच्या वस्तीतून एक पोलीस अधिकारी गळ्याइतक्या पाण्यातून चालले आहेत आणि त्यांच्या डोक्यावरील प्लास्टिकच्या टोपात कापडात गुंडाळलेले तान्हे मूल आहे. कोणास यमुनेतील वसुदेव आठवला, आम्हांस लव्हाळ्याच्या पेटाऱ्यातील मोशे आठवला.

२०२४ चा पूर गोकुळाष्टमीच्या सणात आला. २६ ऑगस्टला दहा इंचांहून अधिक पाऊस कोसळला. दुसऱ्या दिवशी नदीने पंचवीस फुटांची खूण मागे टाकली आणि २८ तारखेस ती सुमारे सदतीस फुटांवर होती. सेनेच्या तुकड्या आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या होड्या रस्त्यांवर फिरू लागल्या. गरीब वस्त्या बुडाल्या हे नेहमीचेच. या वेळी बंगले, सोसायट्या, मोटारी, दुकाने, रुग्णालयांची तळघरे, सारे बुडाले. आमचे यजमान सांगत होते की पाणी ओसरल्यावर आठ दिवस रस्त्यांच्या दुतर्फा गाद्या, कपाटे, शीतकपाटे, पुस्तके यांचे ढीग होते आणि सारे शहर ओल्या कापसासारखे कुबट झाले होते.

आणि मगरी! विश्वामित्रीतील मगरींविषयी लिहिल्याखेरीज बडोद्याचे वर्णन पुरे होत नाही. भर शहरातून वाहणाऱ्या नदीत शेकडो मगरी राहतात असे दुसरे ठिकाण जगात विरळाच. २०२५ च्या फेब्रुवारीत झालेल्या गणनेत त्यांचा अंदाज ४४२ निघाला. एरव्ही त्या काठावर ऊन खात पडलेल्या असतात आणि माणसे पुलावरून त्यांना मुलांना दाखवितात. पुरात मात्र नदी वस्तीत येते तेव्हा मगरीही तिच्याबरोबर येतात. २०२४ च्या त्या तीन दिवसांत वनखात्याने वस्तीतून २४ मगरी पकडल्या. सर्वांत लहान दोन फुटांची, सर्वांत मोठी चौदा फुटांची. शिवाय साप, मोठमोठी कासवे आणि एक साळिंदरही. ज्या घरात शिरलेले पाणी काळोखात कमरेइतके आहे, त्या पाण्यात पाय टाकण्यापूर्वी माणसाच्या मनात काय येत असेल याची कल्पना वसईच्या वाचकांनी करावी. आपल्याकडे पुरात फार तर विरोळे येते. तरीही मगरीचा द्वेष करणारा माणूस आम्हांस बडोद्यात भेटला नाही. "ती तिच्या घरी आहे, आम्ही तिच्या अंगणात," असे एका रिक्षावाल्याने म्हटले. दक्षिण गुजरातेतील आदिवासी बांधव मोगरादेव म्हणून लाकडाच्या मगरीस पुजतात, तो स्वभाव शहरातही थोडा उरला असावा.

पुरानंतर सरकारने जलसंपदा खात्याचे निवृत्त सचिव बी. एन. नवलावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. नदीचे पात्र खोल व रुंद करावे, आजवा आणि प्रतापपुऱ्यातील गाळ काढावा, अशी कामे ठरली. २०२५ च्या मार्चमध्ये शहरातील सुमारे चोवीस किलोमीटर पात्राचे खोदकाम सुरू झाले आणि ते शंभर दिवसांत, म्हणजे पावसाच्या तोंडाशी, आटोपावयाचे होते. आम्ही गेलो तेव्हा ते भरात होते. कोठेही काठावर उभे राहिले की पिवळी यंत्रे खाली मातीत तोंड खुपसून आहेत, डंपरांची रांग आहे, धुळीचा ढग आहे. काठ उतरता तासलेला, झाडे काही राहिलेली, काही गेलेली.

येथे एक पेच होता. मगरी वसंतात अंडी घालतात. मादी काठाच्या मातीत खळगा करून त्यात पंचवीसतीस अंडी ठेवते, वर माती लोटते आणि दोन महिने जवळपास राखण करते. पावसाच्या सुमारास पिल्ले आतून ओरडू लागली की ती माती उकरून त्यांना बाहेर काढते. म्हणजे माणसाला काठ खणण्यास सापडणारे दिवस आणि मगरीला काठ लागण्याचे दिवस नेमके एकच. पावसाळ्यात खणता येत नाही, हिवाळ्यात कागद पुरे झालेले नसतात, उरतो तो उन्हाळा. वनखात्याची माणसे आणि प्राणिमित्र स्वयंसेवक यंत्रांपुढे काठ तपासत फिरताना आम्हांस दिसले. त्यांतील एका तरुणाने आम्हांस दुरून एक जागा दाखविली. चार काठ्या रोवून त्यांना लाल फीत बांधलेली होती आणि यंत्र तेथून वळसा घेऊन पुढे गेले होते. पलीकडे पाण्यात दोन डोळे आणि नाकाचा शेंडा एवढेच वर होते. ते इतके स्थिर होते की आम्ही प्रथम त्यांना ओंडकाच समजत होतो.

खोदल्याने पूर जाईल काय? याविषयी बडोद्यात दोन तट आहेत आणि दोघांचेही बोलणे ऐकण्यासारखे आहे. एक म्हणतो, पात्रात वर्षानुवर्षे गाळ, दगडविटा आणि कचरा साचला; तो काढला की पाण्यास वाट मिळेल. दुसरा म्हणतो, नदी म्हणजे नुसते पात्र नव्हे. तिच्या दोन्ही अंगांस जी कोतरे होती, म्हणजे मातीच्या घळया, ती पाणी पोटात घेत. शहरात जे तलाव होते ते पाणी धरून ठेवीत. आणि ज्या कांसा होत्या त्या पाणी नदीकडे नेत. कांस हा तेथील शब्द. नैसर्गिक नाला असा त्याचा अर्थ. भूखी कांस, रूपारेल कांस अशी त्यांची नावेही आहेत. 'भूखी' हे नाव फार बोलके वाटले. आज या कांसा कोठे झाकल्या आहेत, कोठे वळविल्या आहेत, कोठे त्यांच्यावर इमारती आहेत. कोतरे भराव टाकून सपाट झाली. पाण्याची ही सारी बिऱ्हाडे मोडल्यावर पाण्याने जावे कोठे? आमचे मत दुसऱ्या पक्षाकडे झुकते. गाळ काढलाच पाहिजे. पण घराचा उंबरठा रुंद केला आणि परसदार बंद केले तर फार साधत नाही.

हे ऐकताना आम्हांस आपली बावखले आठवली. वसईतील प्रत्येक जाणत्या वाडीकरास ठाऊक आहे की पूर्वजांनी वाडीच्या कडेला बावखल खणले ते केवळ केळीस आणि पानवेलीस शिंपण्यासाठी नव्हे. पावसाळ्यातील जादा पाणी त्यात मुरे, विहिरी गोड राहत. मग जमिनीचे भाव चढले, आणि बावखल म्हणजे रिकामी पडलेली जागा असे वाटू लागले. किती बावखले बुजली याची गणती ज्याने त्याने आपल्या आळीपुरती करावी. २०१८ च्या जुलैत माणिकपूर, चुळणे, सनसिटी येथे पाणी दिवसच्या दिवस हटेना. त्याच पावसात बडोद्याची एक्स्प्रेस गाडी नालासोपाऱ्यापाशी पाण्यात अडकली आणि तिच्यातील उतारूंना होड्यांतून उतरवावे लागले. त्या गाडीत असलेले एक बडोदेकर गृहस्थ आम्हांस लग्नात भेटले. "तुमच्याकडच्या पुरातून सुटून आलो आणि पुढच्या वर्षी आमच्याकडच्या पुरात सापडलो," असे म्हणून ते हसले.

वडसर हा भाग शहराच्या दक्षिण टोकास आहे. कोटेश्वराकडे जाताना नदी दोन्ही बाजूंनी कवेत घेते असे वाटावे. गेल्या काही वर्षांत तेथे मोठमोठ्या सोसायट्या उभ्या राहिल्या. घरे चांगली, रस्ते चांगले, परंतु पाणी चढले की हा भाग बेट होतो. एका सोसायटीत आम्ही गेलो. फाटकाशी चौकीदाराच्या खोलीवर, छपराला टांगलेली, एक केशरी रंगाची हवा भरावयाची होडी होती. रहिवाशांनी वर्गणी काढून ती घेतली होती. तीत कोणी प्रथम बसावयाचे याची यादी करून फलकावर लावली होती: गरोदर स्त्रिया, डायलिसिसवर असलेले एक गृहस्थ, मग ऐंशीच्या वरचे. मोटारी कोठे ठेवावयाच्या हेही ठरलेले होते. पाऊस लागला की त्या उड्डाणपुलावर नेऊन उभ्या करावयाच्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मोटारी बुडालेल्या लोकांनी त्याच वर्षी सप्टेंबरात, पुन्हा जोराचा पाऊस आला तेव्हा, पुलांवर रांगा लावल्या होत्या म्हणे. विद्युत मंडळाचे मीटर पहिल्या मजल्यावर हलविले होते. एकंदरीत त्यांची तयारी पक्की होती. पैसा असला म्हणजे तयारी नीट होते, यात त्यांचा दोष नाही.

मूर्तिकारांची गोष्ट वेगळी. बडोद्यात गणेशोत्सव मराठी राज्याबरोबर आला आणि आता सर्वांचा झाला आहे. २०२४ साली चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. म्हणजे पूर आला तेव्हा कारखान्यांत मूर्ती रंगवून तयार होत्या. दांडिया बाजारापलीकडे एका मराठी मूर्तिकाराकडे आम्ही गेलो. त्याच्या कारखान्यात शाडूच्या मूर्ती पाण्यात जागच्या जागी विरघळल्या. "विसर्जन आधीच झाले, पूजा राहिली," असे तो म्हणाला, पण हसला नाही. आगाऊ रकमा परत कराव्या लागल्या, त्यासाठी बायकोचे दागिने गहाण गेले. एप्रिलच्या त्या दुपारी तो लोखंडी कोनांचे मांडव जोडीत होता. मूर्ती आता जमिनीवर न ठेवता सहा फुटांवर ठेवावयाच्या असा बेत. गेल्या खेपेस पाणी किती आले होते, असे आम्ही विचारले. त्याने हात वर करून दाखविले. हात मांडवाच्या फळीच्याही वर गेला. आम्ही काही बोललो नाही. त्यानेही पाहिले असावे. मोठ्या मूर्तींचे काम यंदा घेत नाही, लहानच करतो, त्या उचलून माळ्यावर नेता येतात, असे त्याने सांगितले. परंतु मिळकत मोठ्या मूर्तींचीच असते.

शेवटच्या दिवशी आम्ही परशुराम भठ्ठा नावाच्या वस्तीत गेलो. सयाजीगंजाच्या मागे, अगदी नदीच्या उतारावर ती आहे. पावसाळ्यात बातमीपत्रांत तिचे नाव पहिल्यांदा येते, कारण पाणी तेथे पहिल्यांदा शिरते. एका घरात आम्हांस बसण्यास बोलाविले. घरातील आजीबाई खानदेशातून लग्न होऊन आलेल्या. सासरे गायकवाडी अमलात गिरणीत लागले होते. मुलगा सुतारकाम करतो, सून चार घरी स्वयंपाक करते, नात दहावीस गेली आहे. नातीने पाणी आणून दिले आणि सर्व बोलणे तिथेच उभे राहून ऐकले.

दाराच्या आतल्या बाजूस भिंतीवर रेघा होत्या. मुलाच्या वाढत्या उंचीच्या रेघा आपण मारतो तशा. २००५ ची, २०१४ ची, २०१९ ची. २०२४ ची रेघ भिंतीवर नव्हती. आम्ही शोधतो आहोत हे पाहून सुतारभाऊंनी वर बोट दाखविले. ती छपराच्या वाशावर खडूने काढली होती.

त्यांची तयारी पाहण्यासारखी होती. पलंगाच्या पायांखाली चार चार विटा, कपाटाखाली सहा. गॅसची टाकी साखळीने खांबास जखडलेली. ती सुटली तर पाण्यावर तरंगत भिंतीवर आदळते. वाशांना दोर टांगून त्यावर फळ्यांचा माळा केला होता, त्यावर धान्याचे पिंप आणि रंधा, करवत, पटाशी यांची पेटी. गेल्या पुरात हत्यारे गंजली आणि महिनाभर काम गेले, ते दुःख घर बुडाल्याच्या दुःखाहून मोठे होते. खिडकीशी खुंटीला एक प्लास्टिकची दुहेरी पिशवी. तीत रेशनकार्ड, आधारपत्रे, आजींची औषधाची चिठ्ठी आणि नातीची शाळेची सर्व प्रगतिपत्रके. पिशवी कोणी उचलावयाची हे ठरले होते: नातीने. आजीला सुतारभाऊंनी. सुनेने फक्त दार ओढून घ्यावयाचे.

"मग येथून जात का नाही?" हा प्रश्न सर्व जण विचारतात, आम्हीही विचारला. वाळूवर घर बांधणाऱ्या मूर्खाचा दृष्टांत आपण लहानपणापासून ऐकतो आणि त्या मूर्खाची कीव करतो. परंतु ज्याला खडकावरची जागा परवडत नाही त्याच्याविषयी त्या दृष्टांतावरील प्रवचनात आम्ही फारसे ऐकलेले नाही. या वस्तीसारख्या कुटुंबांना शहराच्या कडेला सरकारी घरे देण्याच्या योजना निघतात. सूनबाई म्हणाल्या, "घर मिळेल भाऊ, पण माझी चार घरे इथे आहेत. तिकडून सकाळी सहाला पोळ्या करायला कशी येणार? बसभाड्यात अर्धा पगार जाईल." सुतारभाऊ जाण्यास राजी होते. दरवर्षी ऑगस्टमध्ये उंबरठ्याशी जागत बसणे आता होत नाही, असे ते म्हणाले. आजी मात्र हलण्यास तयार नव्हत्या, आणि त्यांचे कारण आम्हांस अनपेक्षित होते. जागेचा लोभ नव्हता, की नवऱ्याच्या आठवणी नव्हत्या. "इथे पाणी आले की कोणीतरी हाक मारते," त्या म्हणाल्या. "गेल्या वेळी शेजारच्या मुसलमान पोराने मला पाठीवर घेतले. तिकडे नव्या बिल्डिंगात मला कोण ओळखतो?"

घरात यावरून बोलणे अनेकदा झाले असावे, कारण यापुढे कोणी काही म्हटले नाही. सुतारभाऊंनी हातातील मोजपट्टी उघडली आणि मिटली. नात इतका वेळ गप्प होती, ती म्हणाली की अकरावीचा प्रवेश जूनमध्ये आहे, कॉलेज फत्तेगंजात मिळाले तर इथून चालत जाता येईल. मग बापाने तिच्याकडे पाहिले आणि ठरविले की निदान यंदाचा पावसाळा इथेच काढावयाचा. दिवाळीनंतर पुन्हा पाहू. आजींनी पदराने चष्मा पुसला.

बाहेर पडलो तेव्हा ऊन कलले होते. खाली पात्रात यंत्रे थांबली होती आणि ताज्या तासलेल्या काठावर मुले घसरगुंडी करीत होती. एक बाई त्यांना ओरडून वर बोलावीत होती, मगर येईल म्हणून. सुतारभाऊ आमच्याबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत आले. तेथे एक हातगाडी जुन्या विटा घेऊन उभी होती. त्यांनी भाव विचारला, चाळीस विटा मोजून घेतल्या आणि शेजारच्या मुलास हाक मारून म्हणाले की निम्म्या तुमच्या दारात टाक, तुझ्या अम्मीच्या पलंगाला यंदा आठ आठ लावू.